होय, नाहीं आणि लागेल तेव्हां

बिलोली हें नांदेड जिल्ह्याच्या सीमेवरील तालुक्याचें गांव. येथून थोड्याच अंतरावर महाराष्ट्राची हद्द संपून तेलंगण लागतें. बाजारांत मराठीबरोबर तेलुगूही कानीं पडते, आणि १९४८ पर्यंत मुलूख निजामाच्या अंमलाखालीं असल्यामुळें कचेरीची भाषा उर्दू होती. अशा प्रदेशांत दुभाष्याची थोरवी कोणास समजावून सांगावी लागत नाहीं. अर्जदारानें एका भाषेंत बोलावें, दप्तरांत तें दुसऱ्या भाषेंत लिहिलें जावें, आणि मध्यें उभा राहिलेला माणूस जाणता असेल तरच काम तडीस जावें, हा तेथील जुन्या पिढीचा रोजचा अनुभव होता. आज त्याच तालुक्यांत सातबाऱ्याचा उतारा संगणकावरून निघतो; डिजिटल स्वाक्षरीचा उतारा तर राज्यांत १ मे २०१८ पासून मिळूं लागला. हा उतारा दूरच्या भांडारांतून येतो तेव्हांहि संगणक आणि बाहेरचें जाळें यांच्यामध्यें एक दुभाष्या उभा असतो. त्यास ड्रायव्हर म्हणतात. असे दुभाषे शेंकडों आहेत. त्यांतील कोणास घरांत घ्यावयाचें, कोणास बाहेर ठेवावयाचें आणि कोणाचें कोणावांचून अडतें, ही नोंद ठेवण्याचा इतिहास हा या भाषणाचा विषय होय.

संगणकाच्या अनेक अंगांपैकीं जाळ्याशीं जोडणारें जें अंग, तें नेटवर्क कार्ड. पूर्वीं ही एक स्वतंत्र पाटी असे. हल्लीं तें बहुधा मुख्य पाटीवरच बसविलेलें असतें. कारखानदार अनेक, म्हणून या कार्डांच्या बोलीही अनेक. संगणकाच्या साऱ्या कारभाराचा जो गाभा, ज्यास कर्नेल अशी संज्ञा आहे, तो प्रत्येकाची बोली शिकत बसत नाहीं. तो एकाच प्रमाण भाषेंत सांगतो: हें टपाल पाठव, आलेलें टपाल दे. त्या आज्ञेचें त्या त्या कार्डाच्या बोलींत भाषांतर करणें हें ड्रायव्हरचें काम. कर्नेल आणि ड्रायव्हर दोन्ही प्रथम माणसास वाचतां येईल अशा मजकुराच्या रूपांत लिहिलेले असतात. त्या मजकुराचें यंत्रास समजेल अशा रूपांत परिवर्तन करणें म्हणजे बांधणी. आणि बांधणीच्या वेळींच काय घ्यावें व काय गाळावें हें ठरवावें लागतें. सगळेंच घेतलें तर गाभा फुगतो, बांधणीस फार वेळ लागतो. हवें तें गाळलें तर यंत्र मुकें होतें.

ज्या कर्नेलच्या बाबतींत हा इतिहास सर्वांत उघडपणें घडला, तो लिनक्स. ता. २५ ऑगस्ट १९९१ रोजीं हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानें आपण एक लहानशी कार्यप्रणाली लिहीत असल्याचें जाहीर केलें. हा केवळ छंद आहे, मोठें कांहीं व्हावयाचें नाहीं, असें त्यानें त्यांत म्हटलें होतें. त्या पहिल्या आवृत्तींत जाळ्याचा मागमूसही नव्हता. पुढें रॉस बायरो, त्यानंतर फ्रेड व्हॅन केम्पेन आणि मग वेल्समधील स्वान्सी येथील अ‍ॅलन कॉक्स यांनीं एकामागून एक जाळ्याचा भाग रचला, मोडला आणि पुन्हां रचला. मार्च १९९४ मध्यें लिनक्सची १.० ही आवृत्ति प्रसिद्ध झाली, तोंवर जाळें हें त्याचें रीतसर अंग बनलें होतें.

परंतु दुभाष्यांची मोठी फौज उभी केली ती डोनाल्ड बेकर या एका माणसानें. अमेरिकेंत मेरीलँड प्रांतीं नासा या संस्थेचें गोडार्ड केंद्र आहे. तेथें १९९४ मध्यें टॉमस स्टर्लिंग व बेकर यांनीं बाजारांत मिळणारे १६ साधे संगणक एकमेकांस जोडून त्यांजकडून एका मोठ्या संगणकाचें काम घेण्याचा प्रयोग केला; त्यास बेओवुल्फ असें नांव दिलें. महागडें यंत्र विकत घेण्याऐवजीं स्वस्त यंत्रांची पंगत बसवावयाची, ही त्यांतील कल्पना. पंगत बसवावयाची तर जाळें हवें, आणि जाळें हवें तर बाजारांत त्या त्या वेळीं जें स्वस्त कार्ड मिळेल त्याचा ड्रायव्हर हवा. बेकरनें ते एकामागून एक लिहिले व सर्वांस खुले केले. एका तारेनें भागत नाहीं असें दिसतांच दोन तारा मिळून एक करण्याची युक्तीही त्यानें काढली. बाँडिंग या नांवानें ती पुढें लिनक्समध्यें रूढ झाली.

त्या काळच्या कार्डांत एक मोठी अडचण होती. आपण कोण व कोठें बसलों आहों हें सांगण्याची सोय त्यांच्यापाशीं नव्हती. म्हणून प्रत्येक ड्रायव्हर सुरू होतांना ठराविक दारांवर थाप मारून पाही: आंत आपलें कार्ड आहे काय? दार चुकलें, म्हणजे आंत दुसऱ्याच कारखान्याचें कार्ड असलें, तर त्या एका थापेनें तें कार्ड गोंधळे आणि कधीं कधीं अख्खा संगणक जागच्या जागीं थिजून जाई. यामुळें कोणत्या ड्रायव्हरनें आधीं थाप मारावी व कोणी मागाहून, हा क्रम फार महत्त्वाचा ठरला. तो क्रम स्पेस-सी नांवाच्या एका फाइलींत लिहिलेला असे. ज्यांचा परस्परांशीं कसलाही संबंध नाहीं अशा दोन ड्रायव्हरांमधील हें अवलंबन! तें कोणत्या नियमांत मांडलेलें नव्हतें. केवळ अनुभवी माणसानें लावून दिलेल्या रांगेंत तें दडलेलें होतें. अशा रांगेंत नवख्यानें एक ओळ खालींवर केली कीं कोणाचें तरी यंत्र बंद पडे, आणि कां पडलें हें कोणास उमगत नसे.

बेकर हे दुभाषे लिहीत होता त्याच दशकांत पुण्यास हाच प्रश्न अगदीं निराळ्या वाटेनें आला. अमेरिकेकडून हवा तसा महासंगणक मिळण्यांत अडथळे आल्यानंतर भारत सरकारनें १९८८ मध्यें पुण्यांत सी-डॅक ही संस्था स्थापिली. अकोला जिल्ह्यांतील मुरंबा या खेड्यांत जन्मलेले डॉ. विजय भटकर हे तिचे पहिले सूत्रधार. १९९१ मध्यें परम ८००० हा महासंगणक तयार झाला; १९९८ मध्यें परम १०००० आला. या दुसऱ्या यंत्रांतही बेओवुल्फप्रमाणें पुष्कळ संगणक एकत्र जोडलेले होते, परंतु त्यांस जोडणारें जाळें बाजारांतलें नव्हतें. परमनेट या नांवानें तें संस्थेनें स्वतः घडविलें होतें. पुढें २००३ च्या परम पद्मांत परमनेट-२ व २००८ च्या परम युवांत परमनेट-३ बसविलें गेलें. परम पद्म जगांतील महासंगणकांच्या जून २००३ च्या यादींत १७१ व्या क्रमांकावर होता. परम युवा नोव्हेंबर २००८ च्या यादींत ६९ वा आला.

या यशाची एक बाजू फारशी बोलली जात नाहीं. आपलें कार्ड आपणच घडविलें म्हणजे त्याचा दुभाष्याही आपणच लिहावा लागतो, आणि नुसता लिहून भागत नाहीं. यंत्र बदललें कीं तो पुन्हां जुळवून घ्यावा लागतो. परम १०००० मधील संगणक सन कंपनीचे होते, परम पद्ममधील आय-बी-एमचे, परम युवामधील इंटेलच्या प्रोसेसरांवर चालणारे. दर वेळीं खालची भूमि वेगळी. बेकरचे ड्रायव्हर एकदां लिनक्सच्या समाईक मजकुरांत शिरले, मग त्यांचा सांभाळ जगभरचे लोक करूं लागले. कर्नेलमध्यें फेरफार करणारा माणूसच त्या फेरफारास अनुसरून ड्रायव्हरही दुरुस्त करी. समाईक मजकुराबाहेर राहिलेल्या ड्रायव्हरच्या वांट्यास हें भाग्य येत नाहीं. त्याचें ओझें ज्याचें त्यानें वाहावयाचें असतें. स्वावलंबनाचा मान मोठा खरा, पण त्याचा खर्च दरसाल भरावा लागतो. पुण्याच्या अभियंत्यांनीं तो कित्येक वर्षें भरला, याचें मोल यादींतील क्रमांकापेक्षां कमी मानूं नये.

आतां पुन्हां समाईक मजकुराकडे वळावें. तेथें जितके ड्रायव्हर अधिक, तितके बांधणीच्या वेळचे प्रश्न अधिक झाले. आरंभीं बांधणी करूं पाहणाऱ्या माणसास संगणक एकामागून एक प्रश्न विचारी: हें कार्ड हवें काय? तें हवें काय? उत्तर होय किंवा नाहीं असें द्यावयाचें. शंभराव्या प्रश्नास चुकीचें उत्तर दिलें तर मागें जाण्याची सोय नव्हती. पुन्हां पहिल्यापासून आरंभ करावा लागे. पुढें चौकटींत मांडलेली निवड-यादी आली, मग चित्रमय खिडकीही आली. मात्र तिन्ही साधनें एकच नियमांचा मजकूर आपापल्या परीनें वाचीत. एका साधनानें जो पर्याय दाखविला तो दुसऱ्यानें लपवावा, असे प्रकार होऊं लागले. एकाच पंचांगावरून तीन जोश्यांनीं तीन मुहूर्त काढावेत, तशी ही अवस्था होती.

या गोंधळास शिस्त लावण्याचा पहिला मोठा प्रयत्न एरिक रेमंड या अमेरिकन लेखकानें २००० च्या सुमारास हातीं घेतला. सी-एम-एल-२ या नांवाची नवी नियमभाषा त्यानें रचली. तिच्या आधारें संगणक स्वतःच नियमांचा विचार करी आणि परस्परांशीं विसंगत अशी निवड होऊंच देत नसे. मार्च २००१ मध्यें कॅलिफोर्नियांतील सॅन होजे येथें कर्नेलच्या प्रमुख कारागिरांची बैठक भरली, तींत ही योजना बहुतेक मान्य झाल्यासारखी दिसली. तरी ती कधींच आंत आली नाहीं. कारणें अनेक होतीं. जुनें सारें एकदम मोडून नवें उभारावयाचें, हें कारागिरांस मानवेना. शिवाय रेमंडचें साधन पायथन या भाषेंत लिहिलेलें होतें. म्हणजे कर्नेल बांधूं पाहणाऱ्यास आधीं आपल्या यंत्रावर पायथन बसवावें लागणार. अवलंबनांचा गुंता सोडविण्यासाठीं आणलेल्या साधनानेंच एक नवें अवलंबन सर्वांच्या गळ्यांत बांधावें, यांतील विसंगति कोणाच्या नजरेंतून सुटली नाहीं.

या वादांत एक गमतीचें पात्र निर्माण झालें. रेमंड वारंवार आपल्या एका काल्पनिक टिली मावशीचा दाखला देई. या मावशीस संगणकांतलें कांहीं कळत नाहीं. तिलाही स्वतःच्या यंत्रापुरता कर्नेल बांधतां आला पाहिजे, असा त्याचा आग्रह. विरोधक म्हणत, टिली मावशी कर्नेल कशाला बांधील? ती तयार बांधलेला घेईल. वादाच्या भरांत मावशीची पुष्कळ थट्टा झाली, परंतु प्रश्न थट्टेचा नव्हता. पर्यायांची यादी कोणासाठीं लिहावयाची, ज्यास सर्व ठाऊक आहे त्याच्यासाठीं कीं ज्यास कांहींच ठाऊक नाहीं त्याच्यासाठीं? तालुक्याच्या शाळेंतील जुन्या संगणकावर नवी आवृत्ति चढवूं पाहणारा शिक्षक या दोहोंच्या मध्यें कोठें तरी असतो. त्यास आपल्या कार्डाचें नांव ठाऊक असतें. तें कार्ड आणखी कोणाच्या आधारावर चालतें हें ठाऊक नसतें, आणि तें त्यास ठाऊक असावें अशी अपेक्षा करणेंही रास्त नव्हे. रेमंडचा उपाय गैरसोयीचा असेल, पण त्यानें बोट योग्य जागीं ठेवलें होतें.

शेवटीं मान्य झाला तो रोमन झिपेल याचा उपाय. हा माणूस रेमंडइतका बोलका नव्हता. त्यानें जुने नियम आपोआप नव्या भाषेंत उतरविणारें साधन करून दिलें, सर्व काम कर्नेलच्याच सी भाषेंत केलें, आणि नियम एका जागीं न कोंडतां ज्या त्या कप्प्यांत ज्याचे त्याचे ठेवले. केकॉन्फिग या नांवानें तें ऑक्टोबर २००२ मध्यें कर्नेलच्या २.५.४५ या आवृत्तींत दाखल झालें, आणि डिसेंबर २००३ च्या २.६ या आवृत्तीबरोबर जगभर पसरलें. ड्रायव्हर लिहिणाऱ्यानेंच आपल्या ड्रायव्हरच्या शेजारीं त्याच्या गरजाही लिहून ठेवाव्या, ही रीत त्यामुळें पक्की झाली. आपल्या घराचा उतारा आपल्याच दप्तरीं असावा तसें हें झालें.

या भाषेचा सर्वांत मनोरंजक भाग म्हणजे तिचें तर्कशास्त्र. व्यवहारांत एखाद्या गोष्टीस होय म्हणतात किंवा नाहीं. येथें तिसरें उत्तर आहे. ड्रायव्हर गाभ्यांतच कायमचा बसवावयाचा तर उत्तर होय. अजिबात नको तर नाहीं. परंतु तो निराळा बांधून बाजूस ठेवावा व कार्ड दिसेल तेव्हां आंत बोलवावा, अशीही सोय आहे. अशा सुट्या भागास मॉड्यूल म्हणतात. म्हणजे हें उत्तर झालें: लागेल तेव्हां. बहुतेक तयार लिनक्स-संच याच उत्तराच्या बळावर चालतात. भारतांत सी-डॅकच्या चेन्नई येथील शाखेनें २००७ मध्यें बॉस या नांवाचा मराठीसह भारतीय भाषांतून वापरतां येणारा संच प्रसिद्ध केला. तो डेबियन या संचावर आधारलेला, आणि डेबियनमध्येंही बहुतेक नेटवर्क ड्रायव्हर सुटेच बांधलेले असतात. कोणतें कार्ड कोणाच्या घरीं असेल हें बांधणाऱ्यास ठाऊक नसल्यामुळें दुसरा मार्गच नाहीं. स्वतःच्या यंत्रापुरती बांधणी करणाऱ्यास मात्र हा सारा संसार डोईजड होतो. त्याच्यासाठीं स्टीव्हन रोस्टेड यानें डिसेंबर २००९ च्या २.६.३२ या आवृत्तींत एक चतुर सोय केली: या क्षणीं यंत्रांत जे सुटे भाग प्रत्यक्ष कामावर आहेत तेवढेच पाहून यादी तयार करावयाची.

हीं तीन उत्तरें जमेस धरलीं कीं अवलंबनाचा नियम वाटतो तितका सरळ राहत नाहीं. एक ड्रायव्हर दुसऱ्या भागावर अवलंबून आहे. तो दुसरा भाग सुटा ठेवला असेल तर पहिला गाभ्यांत कायमचा बसवितां येत नाहीं. कारण गाभा जागा होतो तेव्हां सुटे भाग अद्याप बाहेरच असतात. कायम नोकरानें रोजंदारीच्या माणसावर विसंबून दार उघडावें कसें? म्हणून केकॉन्फिगनें नाहीं, लागेल तेव्हां आणि होय यांस ०, १ व २ अशीं मूल्यें दिलीं, आणि अवलंबून असणाऱ्याची उडी आधारापेक्षां उंच जाऊं नये असा नियम केला.

बेकरच्या बाँडिंगचेंच उदाहरण घ्यावें. त्यास आयपीव्ही ६ या नव्या पत्तापद्धतीचा उपयोग करतां येई, पण तिच्यावांचून त्याचें अडत नसे. मग अवलंबन लिहावें कसें? त्याच्या यादींत जी ओळ लिहिली गेली तिचा मराठींत अर्थ असा: आयपीव्ही ६ असेल किंवा आयपीव्ही ६ नसेल. नवखा माणूस हें वाचून हंसेल. असेल किंवा नसेल हें तर नेहमींच खरें. तें लिहिण्याचें प्रयोजन काय? दोन उत्तरांच्या जगांत प्रयोजन नाहींच. तीन उत्तरांच्या जगांत मात्र आहे. आयपीव्ही ६ पूर्ण असेल तर विधान पूर्ण खरें. मुळींच नसेल तरी पूर्ण खरें. परंतु तें सुटें असेल तर विधान अर्धेंच खरें ठरतें, आणि बाँडिंगलाही सुटेंच राहावें लागतें. एका वरवर निरर्थक दिसणाऱ्या ओळींत एवढा सगळा व्यवहार भरलेला आहे. शेंकडों ड्रायव्हरांच्या याद्यांत ही ओळ नाना रूपांनीं लिहिली गेली, आणि तितक्याच वेळां ती न समजल्यामुळें कोणीतरी पुसून टाकण्याच्या बेतांत आला असेल तर नवल नाहीं.

अवलंबून असणें ही नम्र रीत झाली. तिच्या उलट एक अधिकाराची रीतही होती. तिचें नांव सिलेक्ट. तींत ड्रायव्हर आधाराची वाट पाहत नाहीं; तो परस्पर हुकूम सोडून आधारास कामावर लावतो. निवड करणाऱ्यास हें सुखाचें वाटतें, कारण कार्डाचें नांव घेतलें कीं बाकीचें आपोआप येतें. टिली मावशीस हवें होतें तें हेंच. पण बोलावलेल्या भागाच्या स्वतःच्या गरजा पुऱ्या झाल्या आहेत कीं नाहींत हें सिलेक्ट पाहत नाहीं. पाहुण्यास परस्पर जेवणाचें आमंत्रण द्यावें आणि घरांत पीठ आहे कीं नाहीं हें विचारूं नये, असाच हा प्रकार. म्हणून ज्याच्या स्वतःच्या कांहीं गरजा नाहींत व ज्याविषयीं कोणास प्रश्न विचारावयाचा नाहीं अशाच भागांसाठीं सिलेक्ट वापरावें, असें केकॉन्फिगच्या मार्गदर्शिकेंत लिहून ठेवलें आहे. हा नियम सर्वांनीं पाळला असतां तर पुढील हकीकत घडली नसती.

तत्पूर्वीं एका आवराआवरीचा उल्लेख केला पाहिजे. १५ ते २० वर्षें साठत गेलेले ड्रायव्हर एकाच मोठ्या कप्प्यांत पडले होते. २०११ मध्यें इंटेल कंपनीच्या जेफ कर्शर यानें ते कारखानदारवार लावले, आणि जानेवारी २०१२ च्या ३.२ या आवृत्तींत हा नवा संसार प्रसिद्ध झाला. प्रत्येक कारखानदाराच्या नांवाचा एक पर्याय आला. त्यास नाहीं म्हटलें तर त्या कारखानदाराच्या कार्डांविषयींचे पुढचे प्रश्न विचारलेच जात नाहींत. हें उत्तर मूळचेंच होय असें ठेवण्याची दक्षता कर्शरनें घेतली. न घेती तर जुनी यादी घेऊन नवी बांधणी करणाऱ्या कित्येकांचीं कार्डें एका रात्रींत दिसेनाशीं झालीं असतीं. नंतरच्या दोन वर्षांत टोकन रिंगचें जाळें व १० मेगाबिटच्या कित्येक जुन्या कार्डांचे ड्रायव्हर गाळले गेले. ज्या दारांवर बेकरच्या काळीं जपून थाप मारावी लागे, त्यांतील पुष्कळ दारें अशा रीतीनें कायमचीं बंद झालीं.

आतां ती हकीकत. जाळ्यावरील यंत्रांनीं आपलीं घड्याळें अत्यंत सूक्ष्म मानानें जुळवून घ्यावीं यासाठीं १५८८ या क्रमांकाचें एक आंतरराष्ट्रीय प्रमाण २००२ मध्यें ठरलें. दूरध्वनीचे मनोरे, विजेचें वितरण, प्रयोगशाळांतील मोजमापें यांस त्याची गरज असते. रिचर्ड कॉक्रन यानें त्याची व्यवस्था लिनक्समध्यें केली व ती २०११ च्या ३.० या आवृत्तींत आली. ज्या कार्डांत असें घड्याळ होतें त्यांच्या ड्रायव्हरांनीं सिलेक्टच्या हुकुमानें ही घड्याळ-व्यवस्था कामावर लावली. परिणाम असा झाला कीं, ज्यास सूक्ष्म वेळेशीं कर्तव्य नाहीं त्याच्याही घरीं, केवळ कार्ड त्या जातीचें म्हणून, घड्याळ आलें. आणि घड्याळाबरोबर त्यास लागणारी वेळमापनाची आणखी यंत्रणाही आली.

२०१६ मध्यें निकोला पित्र हा अगदीं लहान उपकरणांसाठीं कर्नेल हलका करूं लागला, तेव्हां त्यास हा अडसर आढळला. वेळमापनाची ती यंत्रणा गाळावी म्हटलें तर घड्याळ सोडीना, आणि घड्याळ गाळावें म्हटलें तर कार्डांचे ड्रायव्हर सोडीनात. त्यानें भाषेंत एक नवा शब्द घातला: इम्प्लाय. हा हुकूम नव्हे, शिफारस आहे. ड्रायव्हर म्हणतो, घड्याळ असलें तर बरें. परंतु मालकानें नको म्हटलें तर माझा आग्रह नाहीं. फेब्रुवारी २०१७ च्या ४.१० या आवृत्तींत कार्डांच्या ड्रायव्हरांनीं हुकूम सोडून शिफारस पत्करली.

या शिफारशींत आरंभीं एक दडलेली अट होती. ड्रायव्हर गाभ्यांत असेल तर घड्याळ एक तर गाभ्यांत असावें किंवा मुळींच नसावें, सुटें नसावें. भाषेचा सांभाळ करणाऱ्या मासाहिरो यामादा यास ही अट शिफारशीच्या स्वभावाशीं विसंगत वाटली. शिफारस म्हणजे शिफारस. तिनें कोणास बांधून कां ठेवावें? मे २०२० मध्यें आलेल्या ५.७ या आवृत्तींत ती अट निघाली. तर्काच्या दृष्टीनें त्याचें म्हणणें योग्यच होतें. परंतु त्या अटीच्या आधारावर डझनांनीं ड्रायव्हर उभे होते, आणि कोठेंही लिहिलेलें नसल्यामुळें हें कोणाच्या ध्यानीं नव्हतें. ड्रायव्हर गाभ्यांत, घड्याळ बाहेर, अशी निवड आतां होऊं लागली, आणि बांधणी शेवटच्या पायरीवर येऊन कोसळूं लागली. कोणी ड्रायव्हरमध्येंच एक तपासणी घालून वेळ मारून नेली. मग बांधणी पुरी होई, पण घड्याळ असूनही ड्रायव्हर त्यास ओळख देत नसे. हा प्रकार अधिक घातक. कोसळलेली बांधणी निदान दिसते तरी.

हा तिढा आर्न्ट बर्गमन यानें २०२१ मध्यें सोडविला. पर्यायांची आंधळी निवड करून हजारों बांधण्या करून पाहणें आणि कोठें मोडतें हें शोधणें, हा त्याचा नित्याचा उद्योग. त्यानें नवी भाषा रचली नाहीं. घड्याळाशेजारीं त्यानें एक छुपा पर्याय ठेवला. घड्याळ नसेल तर या पर्यायाचें उत्तर होय. घड्याळ असेल तर घड्याळाचें जें उत्तर तेंच याचें. मग सर्व ड्रायव्हरांनीं घड्याळाची शिफारस करणें सोडून या पर्यायावर अवलंबून राहावयाचें. श्रोत्यांच्या ध्यानीं आलेंच असेल कीं, ही ती बाँडिंगचीच ओळ: असेल किंवा नसेल. फरक इतकाच कीं, तिला आतां एक नांव मिळालें आणि प्रत्येकानें ती आपापल्या घरीं पुन्हां रचण्याची गरज उरली नाहीं. ऑक्टोबर २०२१ अखेर आलेल्या ५.१५ या आवृत्तींत ही दुरुस्ती आली. हुकूम, शिफारस आणि पुन्हां साधें अवलंबन, या फेऱ्यास सुमारें १० वर्षें लागलीं.

याद्यांत लिहितां येतें तें अवलंबन अशा रीतीनें कसेंबसें ताब्यांत आलें. पण एक जात अशीही आहे, जी यादी अचूक असून चुकविते. रियलटेक या तैवानच्या कंपनीचें जाळ्याचें मंडल स्वस्त संगणकांत सर्रास आढळतें. भारतांत शाळाकचेऱ्यांतून दिसणाऱ्या यंत्रांतही तें फार आहे. त्याच्या ड्रायव्हरचें नांव आर ८१६९. तारेवरील प्रत्यक्ष विद्युत्संकेत सांभाळणारा भाग त्यांत पूर्वीं आंतच होता. हायनर कालवाइट यानें ऑक्टोबर २०१८ च्या ४.१९ या आवृत्तींत तो काढून सर्व कार्डांस समाईक असलेल्या व्यवस्थेकडे सोंपविला, आणि रियलटेकसाठीं त्या व्यवस्थेंत एक निराळा सुटा भाग काम करूं लागला. मजकूर आटोपशीर झाला. फेरफार उत्तमच होता. परंतु आर ८१६९ त्या सुट्या भागास नांवानें हांक मारीत नाहीं. दोघांची गांठ मधल्या समाईक व्यवस्थेमार्फत पडते. त्यामुळें कोणता भाग कोणास लागतो याचा हिशेब ठेवणाऱ्या साधनास या दोघांत नातें आहे हें कळेचना. यंत्र सुरू होतांना प्रथम एक लहान शिदोरी उघडली जाते, तींत आर ८१६९ असे आणि त्याचा सोबती नसे. मग व्यवस्था एखादा सामान्य बदली माणूस उभा करी, त्यास रियलटेकची बोली धड येत नसे, आणि आवृत्ति बदलतांच कित्येकांचें जाळें बंद पडलें.

यावर दोन उपाय झाले. ड्रायव्हरच्या मजकुरांत एक मऊ अवलंबन लिहिलें गेलें, ज्याचा अर्थ असा कीं मला आणण्यापूर्वीं या सोबत्यास आणण्याचा प्रयत्न करावा. आणि सोबती न सांपडल्यास बदली माणसावर वेळ न भागवितां ड्रायव्हरनें सरळ काम नाकारावें, असें ठरलें. नाकारतांना तो यंत्राच्या रोजनाम्यांत एक ओळ लिहून ठेवतो: रियलटेकचा भाग आरंभीच्या शिदोरींत घालावा लागेल काय, हें पाहावें. ज्यास रोजनामा उघडतां येतो त्याच्यासाठीं ही सूचना पुरेशी आहे. इतरांस मात्र ती शोधण्यासाठीं दुसऱ्या कोणाच्या तरी चालू जाळ्यापाशीं जाऊन बसावें लागतें.